बोअरच्या गाडीपुढे अनवाणी

पिंपरी पेंढार,
६ डिसेंबर

प्रिय हर्षू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे धडधाकट आहेत. आई बरी आहे, कालवड बरी आहे, टोमॅटोला यंदा बाजारही बरा आहे. घरात तीन-तीन फोन असताना अण्णा पत्र लिहीत बसले म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे तू ओळखशीलच. आहे गडबड. बावीस तारखेला तुझ्या दगड पोखरणाऱ्या यंत्राची कमिटीपुढे परीक्षा आहे. तू पाठवलेल्या त्याच्या आवाजाच्या सात रेकॉर्डिंगांवरून दगडाचा थर कुठे बदलला ते मी तुला कळवलं. त्यातले पाच आकडे तुझ्या यंत्राशी जुळले आणि दोन जुळले नाहीत, तर तू म्हणे माझे आकडे खरे धरून यंत्रच खोललंस. परवा जेवताना तुझी आई मोठ्या कौतुकानं हे सांगत होती आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी लिहायला बसलोय तो त्या आकड्यांबद्दलच. पण बोअरला आधी माती लागते, मग मुरूम, मग कुठे पाषाण. मलाही तसंच खाली यावं लागेल. जरा दम धर, आणि तोवर यंत्राला हात लावू नकोस.

गावात तुझं बरं चाललंय. रामदासनं नारायणगावच्या त्याच्या हॉटेलात गल्ल्याच्या वर तुझा पांढऱ्या कोटातला फोटो लावलाय, गणपतीच्या शेजारी, अगरबत्तीचा धूर दोघांना सारखाच मिळतो. जीपची वाट बघणाऱ्या माणसाला तो फोटोकडे बोट दाखवून सांगत असतो. काय सांगतो ते त्याच्या हातांवरूनच कळतं, एक हात वर चंद्र आणि दुसरा हात खाली जमिनीत भोक. माझ्या हाताखाली तयार झालेला सूरज आता बोअरची गाडी चांगली सांभाळतो. मी आताशा रोज जात नाही, पेट्रोलपंपाजवळच्या आपल्या ऑफिसात बसतो. तुझी आई म्हणते, हा माणूस या वयात सुधारला, काही विचारलं तरी मान हलवतो. या सुधारणेपायी मी माझ्या पुतण्याच्या लग्नात डीजे लावायला होकार दिलाय, हे मला हळदीच्या पत्रिका छापून आल्यावर कळलं.

तुला आठवतं, तुझ्या लहानपणी लोक माझ्या कानांना भ्यायचे. कॉम्प्रेसर छातीवर बसल्यासारखा धडधडत असायचा आणि त्यातून मला शेतकरी बांधावर काय कुजबुजतोय ते ऐकू यायचं. पारगावला कारखान्याच्या पाठीमागे दोन भावांच्या उसात बोअर चालू होती. थोरला बायकोला हळूच म्हणाला, ‘पानी लागलं तरी लागलं न्हाई म्हन, धाकट्याला उद्या वाटा नको मागाया.’ अर्ध्या तासात पाणी लागलं. मी गाडीवर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चार शेतांपलीकडे ऐकू जाईल असा ओरडलो, ‘या राव, दोघं भाऊ या, नारळ आना.’ थोरल्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या डोक्यात शिरून आलोय. तू तेव्हा केबिनमध्ये बसून पोट धरून हसत होतीस. दगडाचंही तसंच. काळा पाषाण असला की खाली दगड फोडणारा हॅमर खणखणीत बोलायचा, जाळीचा दगड आला की आवाजाला भोकं पडायची, आणि लाल गेरूचा थर आला की कुणीतरी तोंडावर उशी दाबल्यासारखा तो बसून जायचा. दगडाचा चुरा वर यायच्या आधी मी थर बदलल्याची खूण म्हणून हात वर करायचो. माझ्याकडे शिक्षण नव्हतं, जमीन नव्हती, कान होते. त्या कानांवर दोन गाड्या उभ्या राहिल्या.

पण ही कला मला शिकवली रखमाजी मिस्त्रीनं. त्याचं मी तुला फार कमी सांगितलंय, कारण मला तो कधी नीट कळलाच नव्हता. मी एकोणीस वर्षांचा असताना रॉड उचलायला लागलो ती गाडी तामिळनाडूची, निम्मी माणसं तिकडची, निम्मी आपल्याकडची, आणि सगळ्यांच्या वर आंबेगावच्या डोंगराकडचा हा उंच, काटकुळा रखमाजी. नारळ फोडला की तो चपला काढायचा, गाडीपासून दोन हात लांब जमिनीवर उभा राहायचा, डोळे मिटायचा, हात जोडायचा. जमीन हादरेल एवढा तो दणका चालू आणि हा देवळात उभा असल्यासारखा शांत. बायका म्हणायच्या, ‘लई देवभोळा मानूस, धरनीमायेवर पायतान घालून न्हाई उभा राहत.’ आम्ही पोरं टिंगल करायचो. तो हाकेला ओ देत नसे, नुसता हसायचा, म्हणून आमच्यातला एक म्हणायचा, मिस्त्रीला हाक मारायची तर आधी नारळ फोडावा लागतो. पण थर बदलला की त्याचा हात अचूक वर जायचा. मी त्याच्याशेजारी उभा राहून कान लावून लावून शिकलो, आणि तो चपला काढतो म्हणून मीही काढायला लागलो. खरं तर तेव्हा मला चपलाच नव्हत्या. पुढे घेतल्या त्या जणू गाडीपुढे काढून ठेवण्यासाठीच. मग माझी माणसं काढायला लागली, सूरज काढायला लागला, आणि नऊ वर्षांची तू तुझे शाळेचे बूट मोजे आत खोचून चाकाजवळ ओळीनं ठेवायला लागलीस.

त्या सुट्टीत तू रोपवाटिकेतला टोमॅटोच्या रोपांचा काळा ट्रे उचलून आणलास. आम्ही एक रॉड खाली गेला की मूठभर चुरा गोणपाटावर मांडायचो, मालकाला दाखवायला. काम संपलं की तो पायाखाली जायचा. तू त्यातली चिमूट चिमूट ट्रेच्या एकेका खळग्यात भरलीस आणि पट्टीवर गावाचं नाव घातलंस. आई ओरडली, रोपांची जागा दगडांनी भरली म्हणून. दोन वर्षांत पडवीत असे चाळीस ट्रे झाले. आमच्या धंद्यातल्या एकाही माणसानं हे केलं नव्हतं. आम्हाला बोअर म्हणजे एक भोक वाटायचं. तू भोकाला भोक जोडलंस.

ठमाबाईच्या शेतावरची गोष्ट मी आजही पाहुण्यांना सांगतो. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तिचं भाताचं खाचर. एकशेऐंशी फूट झाले होते, कोरडंच. मी पुढे जायला सांगितलं आणि तू बारा वर्षांची पोर, दोन ट्रे छातीशी धरून मधे उभी राहिलीस. म्हणालीस, अण्णा, ओढ्याकडच्या दोन्ही बोअरना लाल थर खाली लागला होता, इथं वर आलाय, म्हणजे तो ओढ्याकडे उतरतोय. पाणीही तिकडंच उतरणार. इथं खाली नुसता काळा आहे. आमचा धंदा फुटावर चालतो, आणि माझीच पोरगी गिऱ्हाइकासमोर गाडी थांबवतीय. मला राग आला होता, आज सांगतो. पण गाडी ओढ्याकडे सरकवली आणि दुपारी अडीचला गढूळ पाण्याचा फवारा आमच्या डोक्यावरून गेला. ठमाबाई पदर पिळत म्हणाली, ‘तुझ्यापरीस पोरीला अक्कल हाय, दादाभाऊ. गाडी तिच्या नावावर कर.’ दुसऱ्या आठवड्यात पेंटर बोलावून मी दोन्ही गाड्यांवर ‘हर्षाली बोअरवेल्स’ लिहून घेतलं.

तू पुण्याला भूगर्भशास्त्र शिकायला निघालीस तेव्हा पारावरचे बोल मी या कानांनी ऐकले होते. ‘दगडं शिकाया पुन्याला? आमच्या रानात येचायला ये म्हना.’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तू मात्र तिथेच थांबून त्या म्हाताऱ्याला विचारलंस, तुमच्या रानातला दगड किती वर्षांचा आहे बाबा? तो म्हणाला, माझ्या आज्यापासून हाय. तू म्हणालीस, साडेसहा कोटी वर्षं. त्यानं तुझ्याकडे बघितलं आणि तंबाखूची डबी पुढे केली. पुढच्या सुट्टीत तू बोरी गावच्या नदीकाठची पांढरी राख दाखवायला मला घेऊन गेलीस. मला वाटलं, काय दाखवणार, तुझी आजी कुशाबाई माहेरी त्या राखेनं पितळ घासायची. तू सांगितलंस की ही राख समुद्रापारच्या एका ज्वालामुखीतून उडून इथं पडलीय, माणूस दगडाची हत्यारं करत होता तेव्हा. मी कुकडीच्या काठी उकिडवा बसलो आणि ती राख बोटांत चोळत राहिलो. जन्म गेला जमिनीला भोकं पाडण्यात, पण खालच्या वस्तूला वय असतं हे मला माझ्या मुलीनं सांगितलं.

तू दोनदा त्या मोठ्या परीक्षेत मागे राहिलीस, तेही मला आठवतं. दुसऱ्यांदा निकाल आला तेव्हा तू घरी येऊन रडली नाहीस. पडवीतले ट्रे काढलेस, सगळे पुसलेस, आठ दिवस बसून जुन्नर-आंबेगावच्या पोटाचा नकाशा काढलास. तिसऱ्या वेळी अहमदाबादच्या अवकाश केंद्रातल्या मुलाखतीला साडी नको, फाईल नको, ठमाबाईच्या शेताचा ट्रे काखेत मारून गेलीस. त्यांनी विचारलं म्हणे, हे काय आहे? तू म्हणालीस, माझं बालपण आहे. त्यांनी तुला तासभर सोडलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी गच्चीवर तू मला चंद्रावरचे काळे डाग दाखवलेस. म्हणालीस, अण्णा, ते डाग म्हणजे आपलाच काळा दगड, आपल्यासारखाच थरावर थर सांडलेला. चार वर्षांनी आमचं यंत्र तिथं उतरेल आणि तीन फूट खाली जाईल. मी म्हणालो, तीन फूट? एवढं तर तुझी आई तुळशीला खणते. तू हसलीस, पण मग सांगितलंस की तिथं लिव्हर धरायला माणूस नाही, थर बदलला आणि वेग कमी झाला नाही तर टोकाचं बिट अडकतं, आणि अडकलं की संपलं, पुन्हा कुणी सोडवायला जात नाही. यंत्राला स्वतःलाच कळलं पाहिजे. मी विचारलं, तिथं हवा नाही म्हणतेस, मग आवाज कुठला? तू म्हणालीस, आवाज म्हणजे थरथर, ती लोखंडातून येते. मग माझा हात धरलास आणि म्हणालीस, अण्णा, मला तुमचे कान त्या यंत्रात बसवायचेत.

हर्षू, ते वाक्य ऐकून माझी छाती एवढी फुगली की मला जे सांगायचं होतं ते आत कुठंतरी चेंगरलं. मग तुझे सात आवाज आले, थर भरून बंद केलेल्या चाचणीच्या ठोकळ्यातले; आतले थर दबून नेमके कुठे बसलेत ते ठोकळा फोडल्याशिवाय तुलाही कळत नाही. तुझा तो सोबतचा ऋषी त्यात सुरुवातीला काहीतरी बोलतो, आई म्हणाली, तो तुझी चेष्टा करतोय, ‘मॅडम यंत्रापुढे बूट काढतात, आता चंद्राला नारळ पण फोडतील.’ त्या पोराला सांग, त्यानंही बूट काढावेत. का ते आता सांगतो.

गेल्या सोमवारी ठमाबाईच्या मुलानं नवी बोअर घ्यायला बोलावलं. म्हातारी आता खाटेवर असते, पण तिचा निरोप होता की दादाभाऊनं जातीनं यावं. म्हणून कित्येक महिन्यांनी गेलो. नारळ फोडला, चपला काढल्या, गाडीपासून दोन हात लांब उभा राहिलो. सूरज लिव्हरवर, डोळे माझ्याकडे. मी डोळे मिटले, खरं सांगायचं तर त्याची नजर चुकवायला मिटले. आणि माझ्या तळव्यांना काहीतरी कळायला लागलं. काळा पाषाण चालू होता तेव्हा बारीक, कडक टोचण्या घोट्यापर्यंत चढत होत्या. मग त्या विरळ झाल्या, खडीवरून चालल्यासारख्या. आणि मग कुणीतरी पायाखाली घडी घातलेली गोधडी सारली. माझा हात आपोआप वर गेला. सूरजनं थांबवलं. मिनिटभरानं चुरा वर आला तो लाल. मी तिथंच उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर रखमाजी उभा होता, डोळे मिटलेला, हाकेला ओ न देणारा, नुसता हसणारा. चाळीस वर्षं मी त्याला देवभोळा समजलो. त्या माणसाला ऐकू येत नव्हतं. कॉम्प्रेसरनं त्याचे कान कधीच खाल्ले होते, आणि तो पायांनी दगड ऐकत होता. आम्ही त्याची विद्या सोवळं म्हणून पाळली आणि विद्या तिथंच राहिली. सूरजला वाटलं मला चक्कर आली. त्यानं पाणी आणलं.

आता पाषाणाला आलो. माझा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्याला समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ओठ बघून जुळवता येतं, फोनवर काहीच नाही. म्हणून तुझा फोन आला की मी ‘गाडी चालवतोय’ म्हणून आईकडे देतो. तू बोलत असशील ते मला कित्येक महिने नुसतं भिंतीपलीकडच्या गिरणीसारखं येतंय. आईलाही मी सांगितलेलं नाही, आज हे पत्र टाकून आलो की सांगणार आहे, डीजेचाही खुलासा होईल. तुझे सात आवाज मी ऐकलेच नाहीत, हर्षू. जीपमध्ये बसून कानाला लावले, मोठे केले, काही नाही. मग फोनवर जी रेघ नाचते तिच्याकडे बघितलं, आणि तू ट्रे कसे भरायचीस ते आठवून थर कसे रचले असशील याचा अंदाज बांधला. पाच बरोबर आले, ते तुला मी ओळखतो म्हणून. दोन चुकले. तुझं यंत्र चुकलेलं नाही, तुझा बाप चुकलाय. माझे सातही आकडे कागदावरून काढून टाक आणि यंत्र होतं तसं जोड. ही गोष्ट आईच्या तोंडून किंवा सूरजच्या टायपिंगमधून तुला कळू नये, म्हणून हे पत्र. आणखी एक, तुला आधीच माहीत असेल तर सोडून दे. गाडीला हात लावला की हाताला इंजिनचीच थरथर कळते, दोन हात लांब जमिनीवर उभं राहिलं की दगडाची कळते. तुझ्या यंत्राला कान कुठे बसवलेस मला माहीत नाही, पण त्याला पाय आहेत ना चार? रखमाजीचे कान तिथं बसवून बघ. मी सूरजबरोबर एकोणीसला सकाळी अहमदाबादला उतरतोय, तुझ्या त्या ठोकळ्याजवळ मला चपला काढून उभं राहू दे, सातही थर मी पुन्हा सांगतो, या वेळी खरे. स्टेशनवर लांबून हाक मारू नकोस. हात वर कर, मला कळेल.

तुझाच, चपला हातात घेतलेला,
अण्णा